शेरा

खरशिंगच्या शाळेत तीन वर्षं
यल्लवा माझ्या वर्गात. खाणीवरची.
प्रगतीपुस्तकात मी लिहिलं : बोलत नाही.
पुढच्या वर्षी, वरीलप्रमाणे.

जूनला कुसमुडे बाई बदलून आल्या.
माठापाशी तिला तांब्या धरून म्हणाल्या,
“नीळ्ळू?”

पोरगीनं आधी मागं वळून बघितलं,
आई आली की काय.

मग जी सुटली!
सुरुंग, बापाचा अंगठा,
गाढवीला झालेलं पिल्लू, अजून कायकाय,
घंटा झाली तरी चालूच.
बाई मध्येच हसायच्या, मध्येच गप्प.
अंगठ्याचं मला हातवाऱ्यांवरनं कळलं,
पिल्लाचं बाईंनी नंतर सांगितलं.

“सर, कळतंय ना?” बाईंनी विचारलं.
मी मान हलवली.
यल्लवा माझ्याकडं बघत राहिली.
ती मान तिच्या ओळखीची होती.