कोंबड्यांचा हिशेब

आधी पिसं दिसली.
पाटाच्या कडेनं, वाळल्या गवतात,
कुणी उशी फाडावी तशी.
मग कोंबड्या. दहा मोजल्या,
आणि अकरावीच्या जागी नुसता पुंजका,
राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांचा.
अकरा, असं मी कॅलेंडरवर लिहिलं.
कोंबडा वाचला होता. ट्रॅक्टरच्या सीटवर बसून
काही घडलंच नाही असा आरवत होता.

कायोटी भुकेपुरतं नेतो.
हे खेळणाऱ्याचं काम होतं.
मोरा खोऱ्यात अशा खेळावर एकच औषध,
ते माझ्या दाराआड टांगलेलं असतं, दोन नळ्यांचं.

दुपारी नाझारियो आला, शेजारच्या रोयबालांचा,
चौदा वर्षांचा, मनगटं बाह्यांबाहेर वाढलेली.
दोरीला त्याची कुत्री, चिस्पा.
तिच्या ओठाला अजून एक पीस.
त्यानं ते पुसून आणलं नव्हतं. मला ते आवडलं.
"सेन्योरा एउफेमिया, अकरा कोंबड्या, अकरा दिवस.
शाळा सुटल्यावर. सांगाल ते काम."
सव्वीस वर्षं मी शाळेची बस चालवली.
याचा बाप मागच्या सीटवर बसून खोटं बोलायचा.
हा बापावर गेलेला नव्हता.
मी म्हटलं, कुंपण.

आमच्याकडं वीतभर माती, खाली चुनखडी.
पहार मारली की परत येते
आणि खांद्याला विचारते, नक्की ना?
दोन दिवसांत चार खड्डे.
ज्युनिपरचे खांब नवऱ्यानं तोडून ठेवलेले,
कशासाठी ते न सांगता.
तो पुएब्लोला निघून गेला, खांब राहिले.
कोपऱ्याच्या खांबाला तिरका टेकू हवा,
नाहीतर तार ताणली की तो नमस्कार करतो.
जाळी हातभर जमिनीत,
आणि खालून बाहेरच्या अंगाला मुडपलेली.
उकरणारा अगदी कुंपणापाशीच उकरतो.
चार पावलं मागून सुरुवात करावी
हे अजून कुठल्या जनावराला सुचलेलं नाही.
"माणसांना?" नाझारियोनं विचारलं.
माझ्या तोंडात खिळे होते.

पाचव्या दिवशी बर्फ पडला, भर एप्रिलात.
आठवडा गेला.
चिस्पा त्यांच्या अंगणात साखळीला,
तिचं रडणं दोन शेतं ओलांडून यायचं.

अकराव्या दिवशी फाटक.
कडी माझ्या जुन्या बसच्या दाराची.
सहा तलंगा लास व्हेगासहून आणल्या,
जुगाराच्या नव्हे, आमच्या इथल्या.
त्यांना आत सोडून हात झटकतो न झटकतो तोच
झुडपाखालून ती आली.

पट्टेरी. शेपूट नाही, पाठ उघडी,
मागं सात पिल्लं.
खुडूक बसली होती बया!
कायोटी, ससाणे, बर्फ आणि आमची पहार,
या सगळ्यांच्या मधोमध, तीन आठवडे.
आणि आम्ही तिची पिसं पुरली होती.

कुंपणाशी येऊन ती थांबली.
पिल्लं थांबली नाहीत.
जाळीच्या चौकोनांतून पाण्यासारखी आत गेली.
ती बाहेर. इकडून तिकडं, मान खुपसत, ओरडत.
इतकं चांगलं कुंपण मी जन्मात बांधलं नव्हतं.
फाटक पार पलीकडच्या टोकाला.
नाझारियोनं माझ्याकडं न बघता पक्कड उचलली.
मी नको म्हणेपर्यंत दोन तारा तुटल्या होत्या,
आणि ती आत, पंखांखाली सात.

भोक बांधता बांधता तो म्हणाला,
"म्हणजे दहाच."
मी पुन्हा मोजलं. दहाच.
"एक दिवस मी तुझं देणं लागते.
कधी घेतोस?"
"बघू," म्हणाला, अगदी सावकारासारखा,
आणि सायकलवर बसला.

मे संपत आला.
पिल्लं आता जाळीत मावत नाहीत,
त्यातले तीन कोंबडे निघणार, तुरे सांगतायत.
त्यानं तो दिवस अजून मागितलेला नाही.
परवा नुसतं विचारून गेला,
खांब उरलेत का, आणि किती.
दाराआड, त्या दोन नळ्यांशेजारी,
मी पहार उभी करून ठेवली आहे.