पंचावन्न नंबरचा रस्ता

एकतीस वर्षं मी या रस्त्यानं बस नेली.
तेविसाव्या देवळापासून चोविसाव्यापर्यंत
पावणेदोन तास,
मध्ये मुगीला एकदा लघवीचा थांबा.
सीटांवर चाळीस-बेचाळीस पांढरे सदरे.
उतरायचे, घंटा वाजवायचे,
वहीवर शिक्का घ्यायचे, चढायचे.
मी पार्किंगमध्ये उकडलेलं अंडं सोलत बसायचो.
एकाही देवळाची आतली पायरी मला माहीत नाही.

आज तिसरा दिवस.
ते पावणेदोन तास अजून संपलेले नाहीत.

पहिल्या मुक्कामाला ओतानीबाईंनी
माझी पाठपिशवी उचलून बघितली
आणि विचारलं, आत गिअरबॉक्स आहे का?
सकाळी पोस्टात जाऊन चार किलो घरी धाडलं:
रेडिओ, दुसरी पँट, घडीची खुर्ची,
रस्त्याचा नकाशा, जो मला पाठ आहे
किंवा आहे असं वाटायचं.
आलुबुखाराच्या लोणच्याची बरणी तेवढी ठेवली.
बायकोनं झाकणावर तारीख लिहून दिली होती,
बाकी काही बोलली नव्हती.

फोड फोडायचा नसतो,
हे एका तैवानी पोरीनं शिकवलं,
कपडे धुवायच्या मशीनसमोरच्या बाकावर.
सुईत दोरा ओवायचा, आरपार काढायचा,
आणि दोरा आतच राहू द्यायचा.
पाणी आपलं आपण झिरपत राहतं.
बासष्टाव्या वर्षी परक्या मुलीपुढे पाय धरून बसलो
आणि लाजायचं राहूनच गेलं.

साकिहामाच्या अलीकडे, मासे वाळत घातलेल्या दारातून
एक म्हातारी ओरडली, हेन्रोसान! हेन्रोसान!
मी मागे वळून बघितलं, कुणाला हाक मारतेय.
जन्मभर ड्रायव्हरसान ऐकलेलं.
तिनं तीन संत्री दिली, शंभर येनचं एक नाणं,
नाही म्हणायचं नसतं.
म्हणाली, माझ्या गुडघ्यांच्या वाटणीचंही चाल.
तेव्हापासून चार गुडघे घेऊन चालतोय,
त्यातले दोन फार दुखतात,
कुणाचे ते नक्की सांगता येत नाही.

बोगद्यात बस आली.
आवाजावरून कळलं, पोरगा नवा आहे,
चौथा गिअर उशिरा टाकतोय.
मी भिंतीला पाठ लावली. टोपी उडून गटारात गेली.
काचेमागे एक बाई तोंड उघडं टाकून झोपलेली.

आम्ही त्यांना बघायचो नाही असं नाही.
बोगद्यातला पांढरा ठिपका, टाळायचा.
एकदा पावसात एकाला खांद्यापर्यंत भिजवलं होतं मी.
आरशात दिसला तो कमरेत वाकलेला,
बसला नमस्कार करत असलेला.
हे मी रात्री डेपोत सांगितलं, आणि सगळे हसले.

मी वाकलो नाही.
मी शिवी दिली, आईवरून,
बोगद्यानं ती मला तीनदा परत केली.

पुलावर काठी टेकवायची नाही.
खाली दाइशी झोपलेले असतात.
हे लहानपणापासून माहीत, सगळ्यांनाच माहीत.
एकतीस वर्षं, दिवसातून दोनदा,
बारा टन लोखंड गेलं त्यांच्या उशावरून.
आता काठी काखेत धरतो,
फोडाच्या पायावर सगळा भार घेतो
आणि पलीकडे जाईपर्यंत श्वासही हळू.
वळणं मला पाठ आहेत. गस्तीच्या पोलिसाच्या जागासुद्धा.
पूल किती, ते मात्र कधी मोजले नव्हते.
आज संध्याकाळपर्यंत सत्तावीस.
त्यातले काही तर नुसते ओहोळावरचे,
हातभर रुंद.

मुक्कामाला पोचलं की आधी काठीचे पाय धुवायचे,
मग आपले.
दारातल्या बादलीशी बसलो
आणि हात आपोआप, वर्षानुवर्षांच्या सवयीनं,
खाचेत अडकलेला खडा शोधू लागला.
एक सापडला.
तो खिशात टाकला, कशाला कोण जाणे.
मुरोतोचं टोक अजून सोळा किलोमीटर.
पूर्वी म्हटलं असतं, वीस मिनिटं.