मंगळवार, सात ते आठ

ओउलूच्या आमच्या इमारतीत चोवीस घरं
आणि तळघरात एकच सौना.
दारावर पेन्सिलनं आखलेला तक्ता:
मंगळवार, सात ते आठ, ह्युट्टिनेन.
ती मी.
माझ्याआधीच्या तासाला नाव नाही,
नुसता घराचा क्रमांक.
पण आत पाऊल टाकलं की कळतं:
दगड अजून तापलेले,
फळीवर भुर्जाचं एक ओलं पान.
म्हणजे आज कुणीतरी येऊन गेलं,
गेल्या मंगळवारी आलं नव्हतं,
त्याआधीच्याही नाही.
एवढ्यावरून मी एक बाई रचली,
तिला आजारी पाडलं, बरं केलं.
ती माझ्याशी कधी बोललेली नाही.
बोलले ते दगड.

दिवसा मी दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहिते.
एकोणीस दवाखाने, एक सर्व्हर.
स्वस्त पडतं.
प्रत्येकाला वाटतं, घर आपल्या एकट्याचं.
तसं वाटायला लावणं हाच आमचा धंदा.
मधल्या भिंती म्हणजे काय,
ओळीमागून ओळ लिहिलेला एक प्रश्न:
हे कुणाचं? आधी विचार, मग दे.

नोव्हेंबरात, दुपारी तीनला, म्हणजे अंधारातच,
केमीहून फोन आला.
इर्या कोक्को, वय एकाहत्तर.
"माझं कोलेस्टेरॉल बघायला पान उघडलं,
तर इथे एक पुरुष आहे."
पुरुष?
"अठ्ठ्याहत्तर सालचा. पोटातला तुकडा काढून तपासलाय."
मग बराच वेळ नुसता श्वास.
"वाचायला नको होतं.
पण चष्मा काढेपर्यंत वाचून झालं.
त्याला अजून कुणी सांगितलं नसेल, हो ना?"

त्याचं नाव मला माहीत आहे.
इथे लिहीत नाही.

वेळ वाचावा म्हणून सर्व्हर
एकदा वाढलेलं ताट झाकून ठेवतो,
तेच मागणारं दुसरं कुणी आलं
की तेच पुढे सरकवतो.
झाकणावर तारीख होती, तपासणीचा प्रकार होता,
रुग्णाचा क्रमांक होता, ४४१७.
दवाखान्याचं नाव तेवढं नव्हतं.
आणि ४४१७ दोन होते,
एक केमीत, एक चारशे किलोमीटर दक्षिणेला.
उष्टं कशाला म्हणतात, यंत्राला काय ठाऊक?

कुणी कुलूप तोडलं नाही.
हुडी घातलेलं पोरगं नाही, परका देश नाही.
भिंतीला कान असतात म्हणतात,
इथे कान होते, भिंतच नव्हती.

रात्री जुन्या नोंदी उलगडत बसले,
ती ओळ कुणी खोडली ते शोधत.
एप्रिल. गुरुवार. माझंच नाव.
चाळीस मिलिसेकंद वाचवले होते मी.
टीमनं केक आणला होता,
लिंबाचा.

ओळ परत घातली. दोन मिनिटं लागली.
सरकारी अर्ज बाहत्तर तासांत भरायचा असतो,
आम्ही एकोणिसाव्या तासाला भरला.
त्यात एक चौकोन: नुकसानीचं स्वरूप.
एका म्हातारीला एक गोष्ट
ज्याची त्याला कळायच्या आधी कळली,
हे त्या चौकोनात बसेना.
मी लिहिलं: मर्यादित.

तीन आठवड्यांनी इर्याबाईंचा पुन्हा फोन.
"तो कसा आहे?"
मला सांगता येणार नाही, म्हटलं.
"बरोबर," त्या म्हणाल्या, "सांगूच नका."
पण फोन ठेवला नाही लगेच.
आम्ही दोघी एका तिऱ्हाइताच्या पोटाशी
गप्प बसून राहिलो.

हल्ली मंगळवारी निघताना
मी खिडकी सताड उघडते,
पान वेचते, फळी पुसते,
आणि चर्र थांबेपर्यंत
दगडांवर बादल्या ओतते.
माझ्यामागून येणाऱ्याला
मी होते की नव्हते, कळू नये.

काल तक्त्याखाली कुणीतरी
पेन्सिलनं, नाव न घालता लिहिलं होतं:
सात ते आठवाल्यांनी कृपया दगड गार करू नयेत.
तापायला फार वेळ लागतो.