चार गुणांसाठी

‘प्रबोधनकाळात सफरी, तंत्र आणि कला
यांनी एकमेकांना कसं घडवलं?’
नफिसाने प्रश्न उतरवून घेतलाय. खाली वही कोरी.

मिरजेत दुपारचे साडेतीन. लाखेचा वास,
तुणीच्या लाकडाचा भुसा पुस्तकावर,
आढ्याला भोपळे टांगलेले, पोटं वर करून.

‘अब्बा, आपण आधी काय करायचो?’
‘तलवारींना पाणी द्यायचो. लढाया संपल्या,
कानस उरली. मग एक गवई आला,
फुटका तंबोरा काखेत घेऊन.
शिकलगाराला विचारतो, जमेल?’

‘आणि भोपळा?’
‘त्याचं बी गलबतातून आलं म्हणतात.
खलाशी त्यात प्यायचं पाणी भरायचे.
भीमेकाठच्या गाळाला काय, कुणाचंही बी चालतं.’

घोडीवर कानस फिरते, केसाएवढी.
तार छेडली. मान हलली, नाही.
पुन्हा कानस. पुन्हा नाही.
मग सुताचा दोरा तारेखाली जरासा सरकला
आणि वरचे सुके भोपळेसुद्धा
घुमायला लागले.

नफिसाने लिहिलं, ‘परस्परसंबंध होता.’
खोडलं.
लिहिलं, ‘एकाचं मोडलेलं दुसऱ्याकडे आलं.’

सर गुण देतील?
कोपऱ्यातल्या एका भोपळ्यात
बी राहून गेलंय.
हलवला की वाजतं.