शीळ

दुकानातल्या पोराच्या छातीवर लिहिलंय इग्नात्सी.
माझ्या आजोबांच्या पिढीतलं नाव, आणि कानात बाळी.
बजेट विचारतो. मी म्हणते, नऊशे झ्वोती.
त्यातले दोनशे विएस्वावाचे, ते नाताळाआधी परत करायचेत,
हे त्याला कशाला सांगा.

काउंटरवर तो दोन माइक ठेवतो.
एक कंडेन्सर, चकचकीत, जाळीदार डोक्याचा:
"हा सगळं ऐकतो, बाई."
दुसरा डायनॅमिक, खलबत्त्यातल्या बत्त्याएवढा जड:
"याच्या जवळ जाऊन बोलावं लागतं."

सत्तावीस वर्षं मी वूचच्या स्टेशनवर घोषणा केल्या.
त्या माइकची कंपनी कोणती, कधी बघितलं नाही.
बटण दाबायचं, लाल दिवा लागायचा,
श्चेचीनची गाडी, फलाट चार, चाळीस मिनिटं उशिरा,
आणि फलाटभर माणसं माझ्यावर चिडायची,
जणू इंजिन मीच हाकत होते.
आता तिथे एका तरुणीचा आवाज आहे, तुकडे जोडून केलेला.
"चाळीस" आणि "मिनिटं" यांच्यामध्ये
तिला श्वास घ्यावा लागत नाही.

मी कंडेन्सर आणला. हावरटपणा, दुसरं काय.
इंटरफेसचा लाल डबा हप्त्याने,
हेडफोन भाच्याचे, एका बाजूचा फोम गेलेला,
आणि माइकपुढची जाळी घरचीच:
भरतकामाच्या रिंगवर ताणलेला जुना पायमोजा.

रात्री लॅपटॉपवर नुसती शांतता रेकॉर्ड केली.
मग ऐकायला बसले.
फ्रिज म्हणजे पिठाची गिरणी.
रेडिएटरमधलं पाणी घसा खाकरतंय.
वरचे दोब्रोवोल्स्की पत्ते पिसतायत,
वाटतायत, पुन्हा पिसतायत. समोर कुणी नाही.
बायको गेल्याचं जिन्यात कळलं होतं मला,
तेव्हा मी हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.
आणि भिंतीपलीकडे कुणीतरी कुणाला म्हणतंय,
"बरं, माझंच चुकलं,"
अशा आवाजात, की चूक त्याची नसावी.

दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन परत दुकानात.
इग्नात्सी हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
बत्ता दिला, वर एकशेदहा झ्वोती परत.

आता मी कपाटात बसते.
डावीकडे हिवाळ्याचे कोट, उजवीकडे रेल्वेचा निळा,
पाठीला पिसांची रजई, मांडीवर पुठ्ठा,
लॅपटॉप बाहेर, दाराच्या फटीतून वायर.
प्रकाशकाला नमुना हवाय दहा मिनिटांचा,
मधमाश्या पाळणाऱ्या दोन भावांची कादंबरी.
आधी आपलं नाव सांगायचं, अशी पद्धत.
माझं आडनाव श्चेश्न्याक.
सुरुवातीलाच दोनदा शीळ वाजते.

तेवढं मात्र या माइकला नेमकं ऐकू येतं.
वरचा पुढचा दात, चार वर्षांपूर्वी बसवलेला,
त्याच्या कडेने वारा निसटतो,
आणि आमची भाषा तर श-ष-स-चवरच उभी.
भाचा म्हणाला, माइक तिरका कर.
केला.
माइकवर उभी पेन्सिल बांध.
बांधली. जरा कमी झाली.
दंतवैद्य म्हणाला, सातशे.
म्हणजे एवढी शोधाशोध करून सगळ्यात महागडा भाग
माझ्याच तोंडात निघाला,
आणि त्याला परतीची मुदत नाही.

आवाजाची पातळी लावायला लोक एक-दोन-तीन म्हणतात.
मी वेळापत्रक म्हणते, जुनं, तोंडपाठ.
कुत्नो, कोनिन, पोझनान.
हिरव्या रेघा उठतात, बसतात, लालला शिवत नाहीत.

मागच्या शांततेत आता काही नाही. स्वच्छ.
वर पत्ते पिसले जातायत, ते या माइकला कळत नाही.
मला कळतं.
एक डाव मांडून झाला असावा,
कारण बराच वेळ काही नाही, आणि मग खुर्ची सरकते.
उद्या वर जाऊन विचारावं का,
दहा ते बारा जरा शांत बसाल का म्हणून?
गरज तशी काहीच नाही.
तरी विचारीन म्हणते.

पान तीन. "शेवटच्या पोळ्यावर..."
वाजली.
पुन्हा.