कुंपणाची वही

ॲडलेडच्या प्रयोगशाळेत सकाळी साडेसातला
मी दोन वर्षांपूर्वीची काच पुन्हा मागवली.
एरल ट्रेगेन्झा, वय एकाहत्तर, डावं कानशील.
अहवालाखाली माझीच सही:
व्रण. घातक काही नाही.

एरल डिंगोंच्या कुंपणाचा राखणदार.
लाल वाळूतली नव्वद किलोमीटर तार
चाळीस वर्षं त्याच्या जिम्म्याला.
कुठे वाळूनं जाळी गाडली, कुठे उंटानं खांब वाकवला,
सगळं निळ्या वहीत, शिसपेन्सिलीनं.
कानशिलावरची ती कडक गाठ फिकट,
कातडीच्याच रंगाची.
तारेनं ओरखडलं असेल, म्हणाला होता.
मलाही तेच दिसलं.
माणूस सांगतो ते डोळा ऐकतो कधी कधी.

ह्या रोगाच्या नावातच काळं आहे
आणि इथे काळ्याचा कणही नाही.
नुसते गुलाबी धागे,
माग अर्ध्यावर सोडून कुणी उठून गेल्यासारखे,
आणि त्यांत चातीसारख्या पेशी, लांबुडक्या, नम्र,
जखम भरायला आलेल्या मजुरांच्या कपड्यांत.
व्रणात असंच असतं.
नेमकं असंच असतं.

पण काठानं निळे पुंजके होते लिंफोसाइटचे.
वस्तीबाहेर कुत्री कोंडाळं करून बसतात ना, तसे.
ती उगाच बसत नाहीत.
मी पाहिले होते का ते?
पाहिलेच असणार.
त्या दिवशी ट्रेमध्ये आणखी साठ काचा होत्या.
हे कारण नव्हे, आकडा आहे.

तळाशी, मोठ्या भिंगाखाली, एक मज्जातंतू.
त्याला लपेटून पेशी निघालेल्या
तारेच्या कडेकडेनं चालणाऱ्या माणसासारख्या,
आत, कवटीच्या दिशेनं.

आज एस-शंभरचा रंग चढवला: तपकिरी, गच्च.
सॉक्स-टेन: एकेक केंद्रक पेटलं.
एचएमबी-पंचेचाळीस: काहीच नाही.
मेलानोमाचं नेहमीचं ओळखपत्र मागावं
तर हा खिसे उलटे करून दाखवतो.

जनुकांचा अहवाल गुरुवारी आला.
ब्राफ, जिथे सगळे आधी शोधतात, शाबूत.
एनएफ-वन तुटलेलं, ब्रेकची तारच कापलेली.
आणि बदल, हजारोंनी बदल:
सी होता तिथे टी,
सी-सी जोडीनं बसले होते तिथे टी-टी.
हे अक्षर उन्हाचं. मी ते कुठेही ओळखीन.
टोपी वाऱ्यानं नेली ती दुपार,
जीपखाली आडवं पडून चाक बदललं ती,
मान उघडी टाकून खांब ठोकले त्या सगळ्या,
ओळीवर ओळ.
एरलची ही दुसरी वही.
त्यानं लिहिलेली नाही,
आणि हिच्यात रविवारसुद्धा सुटलेला नाही.

फोन त्याच्या बहिणीनं उचलला, थर्झानं.
मग तो आला.
मी म्हटलं, चूक माझी होती.
पलीकडे किटली शिट्टी मारायला लागली,
कुणीतरी ती उतरवली.
मग त्यानं विचारलं, भोक केवढं आहे?
साडेसहा मिलिमीटर खोल, मी म्हटलं, आणि नसेच्या कडेनं पुढे.
किती पुढे?
ते अजून माहीत नाही.
हं, म्हणाला.
चालत जाऊनच कळतं ते.

कर्करोगाच्या डॉक्टर म्हणतात, आशा आहे.
इतकं बिघडलंय ना, म्हणूनच.
इतक्या परक्या खुणा अंगावर वागवणाऱ्याला
शरीराचे पहारेकरी ओळखू शकतात,
औषधानं त्यांचे हात मोकळे केले तर.
कधी कधी ओळखतात, असं म्हणाल्या त्या.
मी ते "कधी कधी" एरलला सांगितलं नाही.
मग सांगितलं.

जुनी ओळ खोडायची नसते, असा नियम आहे.
तिच्याखाली नवी लिहिली:
सुधारित. डेस्मोप्लास्टिक मेलानोमा.
तारीख घातली. सही केली,
ह्या वेळी अक्षर जरा मोठं आलं.
काच अजून डब्यात ठेवलेली नाही.
दुपार झाली की खिडकीतून ऊन तिच्यावर येतं,
आणि मी उठून पडदा ओढते.