पंच क्रमांक दोन

पावडर नोटांवर दिसतच नव्हती.
हवालदारानं कापसानं ती अलगद लावली,
बाळाच्या मानेला लावावी तशी,
आणि गड्डमला बजावलं, मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत.
गड्डमनं मान हलवली. मीही हलवली.
मी पंच. पाणीपुरवठ्यातून सकाळीच उचलून आणलेला,
डबा टेबलावरच राहिला, कडक भाकरी, शेंगाचटणी.
नमुना म्हणून माझंच बोट पेल्यात बुडवलं.
गुलाबी.

कन्ना चौकातल्या हॉटेलात म्हमाणे उशिरा आला.
पोरीच्या पायाचं प्लास्टर निघालं, म्हणाला.
गड्डम म्हणाला, साहेब, आपल्या मीटरचं तेवढं.
सोमवारी बघू.
सहा माग बंद आहेत साहेब, काहीतरी घ्या की.
राहू दे.
पोरीसाठी घ्या.
म्हमाणेनं चहा बशीत ओतला
आणि बराच वेळ नुसता फुंकत बसला.
मग म्हणाला, बरं.
एवढंच.
गड्डमनं ठरल्याप्रमाणे टोपी काढली.

रंग सुरेख आला, खोटं कशाला बोलू.
माझा बाप साखर पेठेत सूत रंगवायचा,
कोपरापर्यंत कधी हिरवा, कधी जांभळा.
ताट वाढताना आई विचारायची,
आज कुणाची चादर जेवायला आलीय?
त्याच्या हातांची बाटली कुणी सीलबंद केली नाही.

पंचनाम्यात 'बरं' कुठंच नव्हतं.
तिथं होतं, आरोपीने लाचेची मागणी केली.
खाली माझी सही, तारीख, वेळ
पाच वाजून दहा मिनिटं.

तीन वर्षांनी कोर्टात
सरकारी वकील म्हणाले, सापळा म्हणजे काय,
वाटेला लागलेल्याला वाटेत गाठणं.
कल्याणशेट्टी बाई उठल्या. आणि जो घरीच बसलाय,
त्याला हाताला धरून वाटेवर आणला तर?
साहेबांनी पेन उचललं, खाली ठेवलं.
पंखा टकटकत होता.
बाई माझ्याकडे वळल्या.
पैशाचा विषय आधी कुणी काढला?

म्हमाणे पिंजऱ्यात, हात मागे.
आधी त्यानं कुणाकडून घेतले असतील,
नसतीलही. मला काय ठाऊक.
मला तो चहा ठाऊक, आणि ती फुंकर.

गड्डमनं, मी म्हणालो.

सरकारी वकिलांनी कागद पुढं सरकवला.
मग ही सही कुणाची?

माझीच, साहेब.
तीही माझीच.